तीन बोटं जास्तीची नळी

माझ्या तापट स्वभावाचं सोनं झालं ते एकदाच, आणि तेही सायकलच्या एका फोर्कवरून.

माझ्याकडे आणि माझ्या मित्राकडे एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या जुन्या माउंटन बाइक. शॉकअप वगैरे लाड नाहीत. खड्डा आला की थेट मनगटात. तो रत्नागिरीचा, बोटींच्या मालाच्या धंद्यातला, सहा फुटी. मी पुण्याचा, बुटका. म्हणून त्याची फ्रेम मोठी, माझी लहान. दोघंही पोटापाण्यासाठी इथे आखातात. दर शनिवारी सकाळी आम्ही खोर फक्कानकडच्या डोंगरात सायकली चालवायचो आणि चढावर भांडायचो.

मग त्याची बायपास झाली. त्याच सुमारास माझ्या फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या भागाला, तडा गेला. असला जुना फोर्क आता कुठे मिळणार? अल मनखूलला त्याच्या घरी भेटायला गेलो, तर त्याने बाल्कनीत टांगलेल्या सायकलकडे बोट दाखवलं.

"माझा फोर्क ने. वरची नळी तुला लांब होईल, कापून टाक."

"आणि तू?"

"आपलं खलास, हबीबी. डॉक्टर म्हणतो सहा महिन्यांनी चालव. पण माझाच धीर होत नाही."

त्याची बायको, म्हणजे भाभी, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. मला इतका राग आला की चहा न पिताच फोर्क उचलून निघालो.

दुकानात मिस्त्रीने फोर्क माझ्या फ्रेममध्ये घालून पाहिला. नळी तीन बोटं वर उरत होती. त्याने करवत घेतली. "काट दूँ साब? दो मिनट का काम है." लांब नळी आखूड करता येते, आखूड केलेली पुन्हा लांब होत नाही. मग हा फोर्क मित्राच्या मोठ्या फ्रेमला कधीच बसला नसता. "हाथ मत लगाओ!" मी ओरडलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याने मुकाट्याने उरलेल्या नळीवर एकावर एक रिंगा चढवल्या आणि वर हँडल बसवलं.

हँडल पार छातीपाशी आलं. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घरी पोचलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ वेटर कॅरिंग अ ट्रे." आठ महिने मी तसाच फिरलो. मित्राकडे जाताना मात्र सायकल घरी ठेवायचो.

डॉक्टरने पूर्ण परवानगी दिल्याचं भाभींनी फोनवर सांगितलं, त्या दिवशी सायकल घेऊनच गेलो. तो खाली आला, माझं ध्यान बघून पोट धरून हसला. मग हसता हसता थांबला. रिंगा बोटाने मोजल्या. सहा.

"कापली नाहीस?"

"तुझी आहे. मी कशाला कापू?" मी खेकसलो.

त्याने रिंगांवर पंजा ठेवला. त्याचे डोळे भरले होते. माझेही, खोटं कशाला बोलू?

"यल्ला, चल, खोल," तो म्हणाला. "माझा फोर्क मला दे. शनिवारी सपाटीवर पाच किलोमीटर, इन्शाल्ला."

"आणि मी काय चालवू?"

"तू पळ बरोबर. पोट सुटलंय तुझं."

त्या शनिवारी मी त्याच्या मागे पाच किलोमीटर पळालो, चढ नसतानाही भांडत.