खांद्यावरचा हात

माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या गाळ्यात ती फ्लेक्सची डिझाईनं करायची. तेव्हा कोल्हापुरात फ्लेक्स नवे होते आणि वाढदिवसाच्या बोर्डावर प्रत्येकाला आपला फोटो हवा असायचा. इथल्या बायकांसारखं तीही ‘मी करतो’ म्हणायची. गिऱ्हाइकाला दटावायची, "एवढी तोंडं कशाला, पावणं? गाडीवरनं जाणारा एकच तोंड बघतोय. बाकी जागा मोकळी सोडा की."

मग कॉम्प्युटरवर एकेकाला पुसायची. कुणाचा कापला गेलेला दंड, कुणाचा कान असा नव्यानं जोडायची, की शेजारी कोणी उभं होतं हे कळायचंही नाही.

एकदा एक जण आईच्या श्रद्धांजलीच्या बोर्डासाठी कुठल्याशा लग्नातला फोटो घेऊन आला. म्हातारी हसत होती आणि तिच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात होता.

"ताई, त्यो हात काढा. बहिणीचा हाय. पळून जाऊन लग्न केलं तिनं. आमचा संबंध न्हाय आता."

"आईचा हुता संबंध?"

त्यानं फोटो तिच्यापुढं सरकवला.

"मी काढतो की, दादा. पण हातासंगं खांदा बी जाईल. आईचा फोटो बिघडंल."

"मग ऱ्हाऊ दे."

त्याच सकाळी तिनं एका पुढाऱ्याला अख्खा नवा खांदा बसवला होता. मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान वर केली नाही.

बोर्ड चौकात लागला. मी गाडीवरनं जाताना मुद्दाम बघितलं. बाकी सगळी जागा मोकळी सोडली होती आणि माझी नजर सरळ त्या हातावर जाऊन थांबली.