आवडीहून बर्फाच्या धबधब्याकडे

सेतुमाधवरावांना थंडी मुळीच सोसत नसे. मार्गळीच्या ऐन थंडीच्या महिन्यात चेन्नईत फार तर पंखा बंद करावा लागतो, पण तेवढ्यावरही ते कानटोपी चढवून आवडी स्टेशनवर उभे राहत. गुम्मिडिपूंडीच्या एका लोखंडाच्या कारखान्यात ते कारकून होते. रोज गाडी बदलत जायचं, गाडी बदलत यायचं आणि घरी आल्या आल्या पाय गरम पाण्यात सोडून बसायचं, असा त्यांचा शिरस्ता.

आणि अशा माणसाची बायको जन्मभर थंडीचे कपडे शिवत होती. आवडीतल्या सैन्याच्या कपड्यांच्या कारखान्यात सुंदरीबाई शिवणयंत्रावर होत्या. बर्फात पहारा देणाऱ्या जवानांचे जाडजूड कोट त्यांच्या विभागात तयार होत. बाहेर रस्त्याचं डांबर पायाला चिकटत असे, आणि आत सुंदरीबाईंच्या मांडीवर तिहेरी अस्तराची बाही पसरलेली असे.

ही नोकरी त्यांनी धरली तेव्हा घरात मोठाच गहजब झाला होता. सेतुमाधवरावांची आधीची कंपनी बंद पडली होती, मुलगी हरिणी अजून रांगत होती. "तंजावरच्या रावांची सून मशीन चालवावयास जाणार?" असं म्हणून सासूबाईंनी दोन दिवस जेवण टाकलं. सेतुमाधवराव हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले. तिसऱ्या दिवशी सुंदरीबाईंनी भात कालवून सासूबाईंच्या पुढे ठेवला, हरिणीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि कामावर निघून गेल्या. पुढे काही वर्षांनी नव्या आलेल्या मुलींना मेस्त्री त्यांच्याच शेजारी बसवू लागले, तेव्हा सासूबाईच ती गोष्ट शेजारीपाजारी सांगत असत.

एकदा एक लष्करी अधिकारी कोट कसे होतात ते पाहायला आले. जाताना त्यांनी बायकांना काही फोटो दाखवले. एका फोटोत चार जवान ओळीत उभे होते आणि त्यांच्यामागे कड्यावरून काहीतरी पांढरं लोंबत होतं. "मच्छरदाणी वाळत घातलीय बहुतेक," असं शेजारच्या यंत्रावरची कनका म्हणाली आणि सगळ्या हसल्या. तो धबधबा आहे, हिवाळ्यात तो जागच्या जागी गोठतो, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. बाकीच्या बायका आपापल्या कोटाची शिवण ओळखू येते का ते पाहत होत्या. सुंदरीबाईंची नजर मात्र धबधब्यावरून हलेना.

त्या रात्री पानावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी पडता पडता थांबलं होतं हो. मला ते जाऊन पाहावयाचं आहे."

"सरि, पाहू," सेतुमाधवराव म्हणाले. लहान मुलाला चंद्र आणून देऊ म्हणावं, तशा सुरात. ते विसरलेही. सुंदरीबाई विसरल्या नाहीत, पण सासूबाईंचं दुखणं निघालं, हरिणीचं शिक्षण झालं, लग्न झालं, आणि मधे बरीच वर्षं गेली.

दोन हजार सहा साली हरिणी नवऱ्याबरोबर कोइम्बतूरला राहायला गेली. त्या वर्षी सुंदरीबाईंना सरकारी खर्चाने प्रवास करायची सवलत होती. सेतुमाधवरावांनी नेहमीप्रमाणे मंत्रालय या तीर्थक्षेत्राचं नाव काढलं.

"या वेळी हिमाचल," सुंदरीबाई म्हणाल्या.

"तिथे तीर्थ कोणतं?"

"तीर्थच आहे. फक्त गोठलेलं आहे."

हरिणीचा फोन आला. "अप्पा, अम्माला काय झालंय? या वयात बर्फात? तुम्ही सांगा ना तिला!" अप्पांनी रिसीव्हर सरळ बायकोच्या हातात दिला. सुंदरीबाई एवढंच म्हणाल्या, "तुला पण एक कोट शिवू काय गं?"

पुढचे काही महिने घरात कापडाचा ढीग पडला. पॅरीज कॉर्नरच्या दुकानांतून सुंदरीबाईंनी कापड, अस्तर, आत भरायचा कृत्रिम कापूस असं सगळं निवडून आणलं आणि दोघांचे कोट स्वतः शिवले. दर रविवारी त्या परंगीमलै टेकडीच्या पायऱ्या चढून येत. सेतुमाधवराव पायथ्याशी कॉफी घेत बसत. कोट तयार झाले, तेव्हा प्रश्न आला की ते खरोखर कामाचे आहेत की नाहीत, हे चेन्नईत कळायचं कसं?

उपाय कनकाने सुचवला. तिचा नवरा काशिमेडूच्या मासळी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात राव पतिपत्नी कोट, टोपी, हातमोजे असा सगळा साज चढवून मासळीच्या वासातून चालत निघाली, तेव्हा जाळी विणणारे कोळी हातचं काम टाकून बघत राहिले. आत बर्फाच्या लाद्या छताला टेकल्या होत्या. दोघं दोन लाद्यांच्या मधे स्टुलावर बसली. थोड्याच वेळात सेतुमाधवरावांच्या दातावर दात वाजू लागले.

"कुठे थंडी शिरतेय ते सांगा," सुंदरीबाईंनी विचारलं.

"सगळीकडे!"

"असं नव्हे. नीट सांगा. मान? मनगट?"

तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटून लक्ष दिलं. "मनगट. आणि कमरेपाशी, मागे."

घरी आल्यावर सुंदरीबाईंनी बाह्या उसवल्या, आत लोकरीच्या पट्ट्या घातल्या, कंबर लांबवली. पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा लाद्यांमधे जाऊन बसली. या खेपेला सेतुमाधवराव आत बसून चक्क वर्तमानपत्र वाचू शकले. बाहेर आल्यावर कनकाच्या नवऱ्याला ते म्हणाले, "माझ्या बायकोने शिवलाय हं हा." आपण हे किती मोठ्याने बोललो, हे त्यांचं त्यांनाच नंतर जाणवलं.

जानेवारीत दिल्लीमार्गे दोघं मनालीला पोचली. वरच्या एका गावात टेकचंद नावाचे सफरचंदांचे बागायतदार होते. हिवाळ्यात बाग झोपलेली असते, तेव्हा ते पाहुण्यांना वाट दाखवत. धबधबा त्यांच्या गावापासून चालत गेलं तर अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. सकाळी लखलखीत ऊन पडलं होतं. देवदारांवरचा बर्फ मधूनच धप्पकन खाली पडे आणि सेतुमाधवराव दचकत. सुंदरीबाई पुढे चालत होत्या, पाऊल आधी टेकवून, मग भार देऊन, परंगीमलैवर चालत तशाच. पन्नाशी उलटलेली बाई धाप न लागता चढते आहे, हे पाहून टेकचंदांनी आपली चाल मुद्दाम कमी करणं सोडून दिलं.

निम्म्याहून अधिक वाट सरली, तेव्हा एका ओढ्यावरून जायचं होतं. ओढा बर्फाने झाकलेला होता. टेकचंदांनी काठीने ठोकून वाट दाखवली, सुंदरीबाई पलीकडे गेल्या. सेतुमाधवरावांचं पाऊल मात्र हातभर बाजूला पडलं, बर्फ कडकन मोडला आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला.

टेकचंदांनी त्यांना बगलेत धरून ओढून काढलं. पाण्याचा असा चटका बसला होता की त्यांना ओरडताही येईना. सुंदरीबाईंनी त्यांना एका खडकावर बसवलं, बूट आणि मोजे काढले, आपल्या शालीने पाय कोरडा केला. मग स्वतःचा कोट उघडून तो गारठलेला पाय त्यांनी पोटाशी धरला आणि वरून कोट मिटून घेतला. बर्फावर मांडी घालून बसलेली बायको, तिच्या कोटात आपला पाय! समोर टेकचंदांसारखा परका माणूस उभा. सेतुमाधवरावांना लाजेने कुठे पाहावं ते कळेना.

"अगं, सोड. लोक पाहतात."

"पाहू देत. बोटं हलतात काय ते सांगा आधी."

बोटं हलत होती. हळूहळू त्यांत मुंग्या आल्या, मग ठणका, मग ऊब. सुंदरीबाईंनी पिशवीतून कोरडे मोजे काढले, बुटातलं पाणी निपटलं, आत शालीचा तुकडा कापून घातला. मग उभ्या राहून त्यांनी वर, वाटेकडे एकदा पाहिलं.

"चला, परत जाऊ," त्या म्हणाल्या. "धबधबा काही पळून जात नाही."

त्या सहज म्हणाल्या, कुरकुर नाही, सुस्कारा नाही. सासूबाईंच्या आजारपणात, हरिणीच्या परीक्षांच्या वेळी, नवऱ्याची कंपनी बुडाली तेव्हा, दर वेळी ही बाई अशाच आवाजात बोलली होती. सेतुमाधवरावांनी तो आवाज जन्मभर ऐकला होता, आणि यापुढे तो पुन्हा ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"टेकचंदजी, अजून किती चढायचं आहे?" त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"ते वळण दिसतं ना, त्याच्या पलीकडे."

"पाय कसा आहे?" सुंदरीबाईंनी विचारलं.

"पाय माझा आहे. मी सांगतो, चल."

त्यांनी काठी मागून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोच्या पुढे चालू लागले. चढ उभा होता, दोन ठिकाणी त्यांना हात टेकावे लागले. मागून सुंदरीबाईंचा तळहात नवऱ्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर तयार होता, असं टेकचंदांनी नंतर हसत सांगितलं.

वळण ओलांडलं आणि दोघंही थांबली.

कुणी देवावर अभिषेक करताना हात मधेच थांबवावा आणि दुधाची धार तशीच हवेत राहावी, तसा तो धबधबा उभा होता. वरून खालपर्यंत बर्फाचे खांबच खांब. कडेला पांढरे, मधे निळसर, काही हातभर जाड तर काही सुतळीएवढे. सुंदरीबाई जवळ गेल्या. हातमोजा काढून त्यांनी तळहात बर्फावर ठेवला, मग कान लावला.

"अहो, इकडे या. आत पाणी वाहतंय."

सेतुमाधवरावांनी कानटोपी वर सारली आणि कान टेकवला. आत, खोल कुठेतरी, बारीक खळखळ चालली होती. दोघं एकमेकांकडे तोंड करून, बर्फाला कान लावून कितीतरी वेळ उभी होती. सुंदरीबाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीने की आणखी कशाने, ते सेतुमाधवरावांनी विचारलं नाही.

मग तिघांनी उन्हात बसून तंजावरी पद्धतीचा चिंचेचा भात खाल्ला. भात इतका कडक झाला होता की शितं दाताखाली कुरकुरत होती. टेकचंदांनी पुन्हा मागून घेतला.

पुढल्या हिवाळ्यात कनका आणि त्यांच्या विभागातल्या आणखी तिघी सुंदरीबाईंबरोबर निघाल्या. सगळ्यांचे कोट सुंदरीबाईंच्या देखरेखीखाली शिवलेले होते आणि काशिमेडूला तपासलेले होते. सेतुमाधवरावांचा गुडघा तेव्हा दुखत होता, म्हणून ते गेले नाहीत. सेंट्रल स्टेशनवर ते सगळ्यांना सोडायला गेले आणि डब्यात चढून, निरोप द्यायला आलेल्या कनकाच्या नवऱ्याला, त्यासाठीच कोइम्बतूरहून मुद्दाम आलेल्या हरिणीला आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबालाही ओढ्यावर पाऊल कसं टाकावं, ते खुलवून खुलवून सांगत राहिले. गाडीने शिट्टी दिली तरी त्यांचं संपेना, तेव्हा सुंदरीबाईंनीच त्यांना हाताला धरून फलाटावर उतरवलं.