एका वडीचे बारा ग्रॅम

नेऱ्याच्या एका फार्महाऊसवाल्याने मुलीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला दोनशे साबण सांगितले. शंभर ग्रॅमची वडी, ऐंशी रुपये. घरी मी जाहीर करून टाकलं होतं, या ऑर्डरमध्ये खर्च निघाला नाही तर साबण बंद.

खर्चाची यादी चोख होती. खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा, कागद, लेबलं, गुंडाळायची मजुरी, रिक्षा. वड्या बरोबर शंभर ग्रॅमच्या कापल्या आणि लेबलंही छापून आणली. मग सुकायला सहा आठवडे. पनवेलच्या दमट हवेत दिवसभर पंखा लावावा लागतो, तेही बिल यादीत घेतलं.

आठव्या दिवशी सहज एक वडी काट्यावर ठेवली. शहाण्णव. मग मला चैन पडेना. चहा ठेवला की वजन, फोन आला की वजन. पाचव्या आठवड्यात काटा अठ्ठ्याऐंशीवर येऊन थांबला. पाणी उडणार हे माहीत होतं. हिशोबात धरलंच नव्हतं.

कागद गुंडाळायला येणाऱ्या वहिनी हसल्या. त्यांच्या सासऱ्यांचं मिठागर होतं.

"ताई, साबन काय पळून जातंय? किती वेळा मोजाल?"

"लेबलावर शंभर छापलंय हो."

"मीठ पन वाळल्यावर उतरतं. व्यापारी ओलं घेतच नाय. आमी सुक्याचाच भाव करायचो. तुमी ओल्याचा केलात."

लेबलं तशीच लावली असती तर कुणी वजन करून पाहिलं नसतं. दोन दिवस मी घरभर येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी फार्महाऊसवर फोन केला.

"म्हणजे साबण आटला आणि भाव तेवढाच?" त्यांनी विचारलं. "सत्तर लावा."

"सत्तरला मला परवडत नाही. लेबल बदलून देते, अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, ऐंशी रुपये."

"मॅडम, लग्न माझ्याकडे आहे की तुमच्याकडे? शंभरच पाठवा. बाकीच्यांना पेढे देतो."

शंभर वड्या गेल्या. उरलेल्या रोडपालीच्या दोन सोसायट्यांत दारोदार फिरून विकल्या, त्याला महिना लागला. सामानाचा खर्च निघाला, वहिनींची मजुरी निघाली. माझी निघाली नाही, कारण ती मी यादीत लिहिलीच नव्हती.

साबण बंद केला नाही. पुढच्या वेळी निम्मंच तेल घेतलं आणि वडी एकशे पंधरा ग्रॅमची कापली. भाव अजून ठरवलेला नाही; वड्या सुकेपर्यंत सहा आठवडे थांबायचंय.