आदी तुमी, साहेब

विश्रामबागेतल्या आमच्या बँकेचे रखवालदार फौजेतून निवृत्त झालेले. कुणाच्या आधी ते दारातून जात नाहीत. “आदी तुमी, साहेब. नियम हाय!” साताऱ्याच्या घाटातल्या मॅरेथॉनलाही ते माझ्या एक पाऊल मागेच धावत होते. घाटमाथ्यावर पाऊस आडवा झोडपायला लागला, वाऱ्यानं माझा श्वास कोंडला. मी थांबणार, तोच ते झटकन माझ्यापुढे आले. “वारं मी घेतो. माज्या पाठीमागं ऱ्हावा!” त्या रुंद, भिजलेल्या पाठीवर नजर ठेवून मी सगळा घाट उतरलो. शर्यत संपायची कमान दिसली आणि ते बाजूला सरकले, हात पुढे केला. “आदी तुमी.” मी त्यांचं मनगटच पकडलं आणि दोघं ओरडत एकदम कमानीखालून घुसलो.

“नियम मोडला की वं, साहेब!” ते म्हणाले. मनगट मात्र सोडवून घेतलं नाही.