दोघांच्या गोळ्या

महागाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होते, तेव्हाची ही गोष्ट. सोयाबीन निघून गेल्यावरच्या दिवसांत एक सासू सुनेला घेऊन आली. सून विशीतली, ओटीपोट धरून कमरेत वाकून चालत होती. बोलली मात्र सासूच. "हिच्या अंगावरून घाण जाते, वास येते. ताट-गिलास वेगळं केलं आम्ही हिचं. झोपाले गोठ्यात जागा देल्ली." सांगताना तिला संकोच नव्हता, उलट घर राखल्याचं समाधान होतं.

सासूला बाहेर बसवून मी मुलीला तपासलं. आत हात लागताच ती कळवळली. पिवळा स्राव, आतपर्यंत गेलेली सूज. यात तुझा दोष नाही, हे बहुतेक नवऱ्याकडून आलंय, असं मी तिला सांगितलं. त्याला काही त्रास होता का, हेही विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. तो तिच्याशी बोलतच नसे, फक्त जवळ येई. गोठ्यातही येई.

किडे पडलेल्या जखमा, सडलेले पाय मी रोज बघत होते. त्यांची मला कधी शिसारी आली नव्हती. हे ऐकून आली.

नवरा बाहेर मोटरसायकलवर बसून मोबाईल बघत होता. त्याला आत बोलावून दार लावलं. आधी त्यानं उडवाउडवी केली, मग सांगितलं. हार्वेस्टरवर कामाला परमुलखात गेला होता. परतल्यावर लघवीला आग व्हायची, पू यायचा. पुसदला कुणाकडून तरी सुई टोचून घेतली आणि बरा झाला. बायको गोठ्यात का झोपते, हे त्याला ठाऊक होतं.

"मायले सांगू नका, मॅडम," तो म्हणाला.

मला सांगता येणार नव्हतंच. पेशंट कसाही असला तरी त्याचं गुपित मी फोडू शकत नव्हते. औषध दोघांनी बरोबरच घ्यायचं, ते संपेपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही आणि आईला तूच सांगायचं, असं त्याला बजावलं. दोघांचंही रक्त तपासलं. एचआयव्ही, सिफिलिस काही निघालं नाही.

हा आजार ताटातून पसरत नाही, असं मी सासूला समजावत होते, तेवढ्यात त्यानं तोंड उघडलं. "मलेही गोळ्या घ्या लागते म्हणते."

सासूनं सुनेकडे पाहिलं. "माह्या पोरालेही लावलं हिनं."

तो खर्रा चघळत उभा राहिला. एक शब्द बोलेल म्हणून मी वाट बघितली. तो थुंकायला बाहेर गेला.

पुढच्या तपासणीला ती बाभुळगावकडच्या माहेरून, भावासोबत आली. दुखणं थांबलं होतं. "मी आता तिकडं नाही जात," एवढंच म्हणाली. मग मूल होईल का, असं विचारलं. सूज गर्भाशयाच्या नळ्यांपर्यंत गेली असेल तर अडचण येऊ शकते, आत्ताच सांगता येत नाही, हे खरं ते मी सांगितलं.

उन्हाळ्यात तिचा नवरा पुन्हा आला, तीच आग घेऊन. मागचंच गोळ्यांचं पाकीट द्या म्हणाला. या वेळी जिच्याकडे गेला होतास तिलाही औषध लागेल, असं म्हटल्यावर हसला. मी त्याला तपासलं आणि गोळ्या समोर गिळायला लावल्या.