लबीबाचं न चाखलेलं पातेलं

"मी सांगते, यात लोणी नाहीये."

"अर्धी वाटी घातलंय. माझ्या या हातानं."

"मग त्या हाताला विचार. जीभ माझी आहे."

"तुझी जीभ सकाळपासून लिंबाचं लोणचं चाटत बसली असेल. तिला काय कळणार?"

"अकरा वर्षं हीच जीभ तुला चालली, लबीबा. आजच तिला काय झालं?"

शादियानं लाकडी चमचा ओट्यावर ठेवला आणि रुमालाच्या टोकानं ओठ पुसले. लबीबानं तो चमचा उचलून धुतला. झाला धुऊन, तर पुन्हा धुतला. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते आणि दोनच्या ठोक्याला हे पातेलं मिस्टर लॉयडच्या टेबलावर असायला हवं होतं. मी दारात उभी होते. मला बरोबर न्यायचं ठरलं होतं, म्हाताऱ्याच्या मुलीशी इंग्रजीतून बोलायला.

पातेल्यात दाट पांढऱ्या रश्श्यात कोंबडी होती आणि तिच्याबरोबर उकडलेले पिठाचे मऊ गोळे. शिजवलं लबीबानं, पण तिला ते चाखता येत नव्हतं. लबीबा कॉप्टिक ख्रिस्ती, आणि त्यांच्या नाताळापूर्वीच्या उपासाचा आज चौथा दिवस. त्रेचाळीस दिवस मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. परक्यासाठी रांधायला हरकत नाही, स्वतःच्या जिभेवर ठेवायला आहे. म्हणून उपासाच्या दिवसांत वरच्या मजल्यावरची शादिया खाली येते आणि लबीबाच्या पातेल्यांची चव बघते. रमजान आला की लबीबा वर जाते. सूर्य मावळायच्या आधी शादियाच्या सूपमधलं मीठ बघून येते. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. आमच्या इमारतीत ते तसंच चालत आलंय.

"एक थेंब जिभेला लाव आणि थुंकून टाक," शादिया म्हणाली. "तुझा देव काही पातेल्याला कान लावून बसलेला नाही."

"रमजानात तू थुंकतेस का? चार जिने उतरून मला हाका मारत येतेस."

"दोन जिने."

"दोन. पण येतेस ना?"

"येते. आणि तू खारट म्हणालीस की मी पाणी घालते. वाद घालत बसत नाही."

लबीबानं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग तिनं मनातलं ओठांवर आणलंच. "तुला म्हातारा इथून जायलाच हवाय. म्हणून तुला यात खोट सापडते."

"मला तो जिवंत हवाय," शादिया म्हणाली.

"मग मांजरांचं कशाला सांगितलंस त्या मुलीला?"

"तिनं विचारलं. आठवड्यातून तीन दिवस मी त्या घरात फरशी पुसते, माझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं. तुझा डबा येतो, म्हातारा थँक्यू म्हणतो आणि पाठीमागच्या कट्ट्यावर मांजरांना घालतो. मांजरं इतकी फुगलीत की भिंतीवर उडी मारायला जातात आणि मध्येच पडतात. मी काय खोटं बोलू? आणि कुठल्या भाषेत बोलू? मी नुसतं म्याऊ केलं आणि पोट दाखवलं. तिला कळलं."

मला हसू आलं. लबीबानं माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं.

"ने," दाराकडे जाताना शादिया म्हणाली. "ने तुझं पातेलं. पण याला तुझ्या उपासाच्या भाकरीसारखी चव येतेय, एवढं लक्षात ठेव. नंतर माझ्या जिभेच्या नावानं बोंब मारायची नाही."

लबीबा दक्षिणेकडच्या मिन्या शहराजवळच्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी कैरोत आली, ती इस्त्रीच्या कामाला. मआदी या परदेशी लोकांच्या वस्तीतल्या ज्या घरात ती लागली ते घर मिस्टर लॉयड आणि त्यांची बायको मदाम व्हर्ना यांचं. पहिल्याच दिवशी मदामनं उकडलेले बटाटे दिले आणि लगदा करायला सांगितला. घरात कुणाला दात नाहीत असं लबीबाला वाटलं. तिनं कीव करून आणखी बारीक घोटले. मदामनं खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला इस्त्रीवरून काढून स्वयंपाकघरात घेतलं.

तिथं ती वीस-बावीस पदार्थ शिकली. खिम्याची भाजलेली वडीसारखी लादी, सफरचंदाचा पाय, मक्याचा गोडसर पाव. तिला स्वतःला त्यातलं काहीच आवडत नाही. "यांना आठवणसुद्धा बिनजिऱ्याची येते," असं ती म्हणते आणि आपल्या ताटात शिजलेल्या बाकल्याच्या दाण्यांवर मूठभर जिरं टाकते. पण पुढे मदामचं वय झालं, घरातलं काम कमी झालं, तेव्हा तिनं आपल्याच ओट्यावर तेच पदार्थ रांधायला घेतले. नऊ नंबरच्या रस्त्यावर आता हव्या त्या देशाचं हॉटेल आहे. तरी परदेशी शाळेतले मास्तर, तेलकंपन्यांतले एकटे तरुण, लबीबाच्या तळमजल्यावरच्या दाराशी येतात. बहुतेक ज्यांचा दिवस वाईट गेलाय तेच. मागच्या वर्षी एक बाई आमच्या जिन्यात उभ्यानंच डब्यातला बटाट्याचा लगदा खात होती. घरून फोन आला होता म्हणे, कुणीतरी गेलं होतं. लबीबानं तिला काही विचारलं नाही. आतून स्टूल आणून दिलं.

जूनमध्ये मदाम व्हर्ना गेली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात तिनं लबीबाचं मनगट धरून सांगितलं, तो भूक नाही म्हणेल, तू खरं मानू नकोस. लबीबानं मरियमआईची शपथ घेतली. तेव्हापासून रोज डबा जातो आणि म्हातारा दिवसेंदिवस काडी होत चाललाय. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, शर्टाच्या कॉलरमध्ये आता त्याच्या दोन माना मावतील. दहा दिवसांपूर्वी मुलगी मार्सी अमेरिकेतून, ओहायोहून आली. तिनं सरळ सांगितलं. गुरुवारी, म्हणजे आज, त्यांचा आभाराचा सण. त्या दिवशी बाबा टेबलाशी बसून पोटभर जेवले तर ठीक, इथं राहू दे त्यांना. नाहीतर रविवारच्या विमानाचं तिकीट आहे.

म्हणून हे पातेलं. मदामच्या हातचं जे त्यांना सगळ्यांत आवडायचं, तेच.

शादियाची पावलं जिन्यात विरली. लबीबानं झाकण उघडलं, वास घेतला. वासातून तिला काही कळेना. नाकालाही उपास घडतो की काय, असा तिचा चेहरा. मग तिची नजर शेगडीशेजारच्या निळ्या वाटीवर गेली.

ती वाटी लोण्याची. पण उपासाच्या पहिल्या दिवशी लबीबा त्यातलं लोणी काढून ठेवते आणि तीत वनस्पती तूप भरते, म्हणजे सवयीनं हात गेला तरी उपास मोडू नये. चाळीस वर्षांची शिस्त. परक्यांच्या स्वयंपाकाचं लोणी त्या दिवसांत बर्फाच्या कप्प्यात असतं, कागदात गुंडाळलेलं.

तिनं कप्पा उघडला. कागदाची गुंडाळी तशीच होती, टोकं दुमडलेली. निळ्या वाटीत मात्र तिच्या चार बोटांचा खोल खड्डा.

"पोरी," ती मला म्हणाली, "किती वाजले?"

"एक वाजायला पाच."

तिनं लोण्याची वडी सुरीनं कापायला घेतली. ती दगड झाली होती. टोकाचा एक तुकडा निघाला, तो तिनं रश्श्यात सोडला. तुकडा पांढऱ्यावर पिवळा तरंगत राहिला. तिनं तो चमच्यानं दाबला, तो पुन्हा वर आला. मग हा असाच पिवळा तवंग राहील या भीतीनं तिनं तो बाहेर काढला आणि मोरीत टाकला.

"नवं करूया का?" मी विचारलं.

"कोंबडी कुठली आणायची? आणि गोळे रश्श्यात विरलेत निम्मे. जे तूप सुटायचं ते सुटलं."

"त्यांना कळणारही नाही, उम्म मीना. शादियाखालाला कळलं, कारण तिला तुमच्या हातचं सगळंच माहीत आहे." लबीबाला आम्ही सगळे मुलाच्या नावानं हाक मारतो, उम्म मीना, म्हणजे मीनाची आई.

"साठ वर्षं जेवला तो व्हर्नाच्या हातचं," लबीबा म्हणाली. "कळणार नाही म्हणे."

बोट बुडवून चाखावं असं तिच्या मनात आलं असणार. उजव्या हाताचं बोट पातेल्याच्या काठापर्यंत गेलेलं मी पाहिलं. तिनं त्याच हातानं क्रूसाची खूण केली आणि पातेलं फडक्यात बांधलं.

दोन रस्ते चालायचे, पण त्या दिवशी ते संपेनात. गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटत समोरून आला, तर तिनं पातेलं पोटाशी धरलं. रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं. ती एकसारखी बोलत होती. "चार घास खाल्ले तर पोटभर म्हणता येईल का? तू तिला सांग, या वयात चार घास म्हणजे पुष्कळ. नाही, सहा तरी हवेत. तू मोज. नको, मोजू नकोस, त्याला कळेल." मध्येच थांबून म्हणाली, "ते घर बंद झालं की मदामचं स्वयंपाकघर कोण आवरणार? तिचं लाटणं अजून तिथंच आहे."

दार मार्सीनं उघडलं. टेबलावर हॉटेलातून आणलेला भाजलेला टर्की होता, सुरीही न लागलेला. मिस्टर लॉयड खुर्चीत बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत होते.

"लबीबा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं अरबी आमच्याइतकंच झालंय. "कशाला त्रास घेतलास? मला भूक नाही."

"मी खरं मानत नाही," लबीबा म्हणाली.

तिनं खोलगट ताटलीत वाढलं आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. मार्सीनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे.

त्यांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि थांबले. चमचा तसाच हातात. लबीबाच्या बोटांत फडक्याचा पीळ आवळत गेला. मला वाटलं, आता ते रुमाल टेबलावर ठेवतील.

त्यांनी दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. सहाव्यानंतर मी मोजायचं सोडलं. ते काही बोलत नव्हते. खाली वाकून, हावरटासारखे जेवत होते, आणि रस्सा हनुवटीवर ओघळला तरी त्यांनी पुसला नाही. ताटली पुढे सरकवली, लबीबानं पुन्हा वाढलं. पुन्हा सरकवली. शेवटी त्यांनी पातेलंच ओढून घेतलं. मार्सी तोंडावर हात धरून रडत होती. लबीबाच्या ओठांवर प्रार्थना होती, आवाज नव्हता. तिच्या खांद्यांवरचं जूनपासूनचं ओझं उतरताना मला दिसत होतं.

"हे व्हर्नाचं नाही," म्हातारा म्हणाला.

लबीबाचा चेहरा पडला. "नाही, मिस्टर लॉयड. आज हातून जरा..."

"हे माझ्या आईचं आहे." त्यांनी चमच्यानं पातेल्याचा तळ खरवडला. "आमच्या घरचं लोणी विकायला जायचं. आई डब्यातलं पांढरं घट्ट तूप वापरायची, तेलाचं. व्हर्नाला त्याचा वास आवडायचा नाही. लग्न झालं आणि ही चव गेली, ती गेलीच. मी विसरलोही होतो."

मग ते मुलीकडे वळले आणि इंग्रजीतून बोलू लागले. थांबेचनात. लबीबा मला कोपरानं ढोसत होती, काय म्हणतोय, काय म्हणतोय. मी जमेल तसं सांगत गेले. आईच्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूला दार होतं. दारात बूट काढावे लागायचे. धाकटा भाऊ डेल कच्चे गोळे चोरून खायचा. डेल अजून त्याच घरात राहतो, एकटाच.

"भाऊ आहे?" लबीबानं विचारलं. "इतक्या वर्षांत कधी नाव नाही काढलं."

मिस्टर लॉयडनी हनुवटी पुसली. गालांवर रंग आला होता. जूनपासून त्यांना असं ताठ बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मार्सी," ते म्हणाले, "रविवारच्या विमानात माझी जागा अजून आहे ना?"

मला ते सांगावंच लागलं नाही. रविवार आणि विमान, हे दोन शब्द लबीबाला इंग्रजीत येतात.

मार्सी उठली, तिनं लबीबाला मिठी मारली, मग पर्समधून वही आणि पेन काढलं. लबीबा लाकडासारखी उभी. म्हातारा तिच्याकडे बघून हसत होता, अगदी लहान मुलासारखं.

"सांग ना, लबीबा," ते म्हणाले. "आज काय घातलंस यात? मार्सी लिहून घेईल. तिकडे गेल्यावर मला करून घालेल."

मार्सीनं पेन उघडलं. दोघंही तिच्याकडे बघत होते, मीही बघत होते. लबीबानं हातातलं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. रिकामं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, भरलेलं असावं तसं जपून, आणि माझ्याकडेही न बघता ती दाराबाहेर पडली.