पंधरावा उंदीर

मर्ल क्रॅट्झरने चव्वेचाळीस वर्षं पाइक्स फेरी या गावी लोकांचे केस कापले. त्यामुळे गावातला कुठलाही माणूस तो तोंडापेक्षा मानेवरून लवकर ओळखतो. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून पुढच्यांच्या माना बघायच्या आणि कोण हल्ली शहरात जाऊन केस कापून येतं ते मनात नोंदवून ठेवायचं, ही त्याची जुनी खोड. बोलायचा मात्र नाही. न्हावी म्हणजे बोलघेवडा हा समज खोटा पाडायलाच जणू देवाने त्याला ओहायोत जन्माला घातलं होतं. खुर्चीवर बसवलेलं पोर जरा हललं, की तो त्याच्या डोक्यावर दोन बोटं टेकवायचा आणि पोर जागच्या जागी थिजायचं. पोरांना त्याचा धाकच वाटायचा.

बायको लव्हॉन बरोबर उलटी. दोघांच्या वाटचं ती एकटीच बोलायची.

या माणसाच्या हातात एक कला होती. केसांची कात्री एकदा बोथट झाली की ती पुन्हा केसांना लावायची नाही, आणि धारेची कात्री कागदाला लावायची नाही, हा त्याच्या धंद्यातला कायदा. दुकानातल्या म्हाताऱ्या झालेल्या कात्र्या म्हणून घरी यायच्या आणि ऑक्टोबर लागला की काळ्या जाड कागदावर चालायच्या. तो पेन्सिलीने काही काढायचा नाही. कात्री एका जागी धरायची आणि कागद फिरवायचा. बघता बघता झाडूवरची चेटकीण तयार व्हायची, पाठ उंचावलेलं मांजर, वाळकं झाड, झाडावर घुबड. मागून पिवळा-नारिंगी पतंगाचा कागद चिकटवायचा, तो कापलेला सगळा पसारा घराच्या पुढच्या तीन खिडक्यांना लावायचा आणि आत दिवे ठेवायचे. भुताखेतांची सोंगं घेऊन पोरं दारोदार खाऊ मागत फिरतात त्या हॅलोवीनच्या संध्याकाळी लोकस्ट रस्त्यावरचं ते घर उजेडानं नुसतं पेटल्यासारखं दिसायचं. असं लोक म्हणायचे. मर्लने स्वतः कधी पाहिलं नव्हतं, कारण तो आत असायचा. दिव्यासमोर पंखा ठेवून दोऱ्याला टांगलेली वटवाघळं हलवत राहणं हे त्याचं काम. बाहेर ओसरीवर खाऊचं भांडं मांडीवर घेऊन बसायची लव्हॉन.

खेळही तिचाच. त्या पसाऱ्यात मर्ल काही उंदीर लपवायचा, चेटकिणीच्या टोपीमागे, भोपळ्याच्या डोळ्यात, कुठेही. दर वर्षी आकडा वेगळा. पोरांनी रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उभं राहून उंदीर मोजायचे, मग ओसरीवर येऊन आधी दार वाजवायचं, हा नियम, आणि आकडा लव्हॉनच्या कानात सांगायचा. चुकला तर एक गोळी. बरोबर आला तर चॉकलेटची अख्खी मोठी वडी. अख्ख्या वडीसाठी पाइक्स फेरीतली पोरं काय वाट्टेल ते करतील.

पहिल्या वर्षी लव्हॉननेही कात्री हातात घेतली होती. तासभर जीभ बाहेर काढून तिने एक उंदीर कापला. एक कान ताटाएवढा, दुसरा नाहीच, आणि शेपूट गाजरासारखं.

"हा उंदीर?" मर्ल म्हणाला. आयुष्यात तो इतका क्वचितच हसला असेल. "हा तर बटाटा आहे. टाक तो शेगडीत."

"तुझ्या हातात कात्री आहे म्हणून फार शेफारू नकोस," लव्हॉन म्हणाली, पण त्यानंतर तिने कात्रीला हात लावला नाही. तिने दुसरं काम घेतलं. हॅलोवीनच्या आदल्या दिवशी मर्ल आतून आकृत्या चिकटवायचा, तेव्हा ही बाहेर अंगणात लोकरी जाकीट घालून उभी. काचेतून आवाज नीट जात नाही, म्हणून हातवारे. डावा हात हलला की डावीकडे सरकव, उजवा हलला की उजवीकडे, दोन्ही हात डोक्याला लावले की सगळं काढ आणि परत लाव. एकेचाळीस वर्षं दोघांचं हे असं चाललं.

या मार्चमध्ये लव्हॉनने अंथरूण धरलं आणि एप्रिलमध्ये ती गेली. जायच्या आठवडाभर आधी म्हणाली, "ऑक्टोबरात खिडक्या रिकाम्या ठेवल्यास तर बघ. पोरांना मी काय तोंड दाखवू?"

"तू कुठे असणार आहेस तोंड दाखवायला?"

"तेच तर. म्हणून तर तुला सांगतेय."

आता झालं असं, की पाइक्स फेरीतली माणसं मनाने फार चांगली आहेत. चांगुलपणाचाही कधी कधी अजीर्ण होण्याइतका ढीग साचतो. लव्हॉन गेल्यावर पंधरा दिवस मर्लच्या घरी कोंबडी घातलेल्या शेवयांची भांडी येत राहिली. मग यायची थांबली. दुःखात असलेल्या माणसाला त्याच्यापुरतं राहू द्यावं, उगाच दार वाजवू नये, ही इथली रीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या डॉटी फेन्स्टरमेकरने चर्चच्या बायकामंडळातल्या एकोणीस जणींना फोन केले. "यंदा पोरांना मर्लच्या दारी पाठवू नका गं. बिचाऱ्याला कशाला त्रास!" एकोणीस जणी म्हणाल्या, खरंच गं, बरं झालं सांगितलंस. त्या एकोणीस जणींनी आणखी किती जणींना सांगितलं ते देवाला ठाऊक. मर्लला मात्र कुणी काही बोललं नाही. त्याला विचारणं म्हणजेही त्रास देणंच ना!

आणि मर्ल? तो पहिल्या तारखेपासून कात्री घेऊन बसला होता. इतकं बारीक काम त्याने कधीच केलं नव्हतं. चौदा उंदीर कापले, एकाच्या मिशासुद्धा कापल्या. पण मनात एक किडा होताच. पोरं यायची ती खिडक्यांसाठी, की लव्हॉनसाठी? आपल्याला बघून तर ती लहानपणापासून थिजतात. एकटा मर्ल क्रॅट्झर घरात बसलाय म्हटल्यावर कुणी येईल का? हे त्याला या वर्षी कळणार होतं, आणि त्याची त्याला भीती वाटत होती.

तीस तारखेला आकृत्या चिकटवायला घेतल्या तेव्हा बाहेर उभं राहायला कुणी नव्हतं. त्याने डॉटीला हाक मारली. ती धावत आली. तिचा चेहरा जरा गोरामोरा झाला खरा, फोन आठवले असणार, पण ती तशीच अंगणात जाऊन उभी राहिली.

मर्लने चेटकीण लावली आणि खिडकी बोटभर उघडली. "वाकडी आहे का?"

"छान दिसतेय रे, मर्ल!"

"छान नको सांगूस. वाकडी आहे की सरळ?"

"दोन्ही बाजूंनी छान आहे!"

त्याने मुद्दाम मांजर उलटं लावून पाहिलं. डॉटीचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "किती गोड!"

लव्हॉन असती तर दोन्ही हात डोक्याला लावून तिने रस्ता डोक्यावर घेतला असता. मर्लने मांजर मुकाट्याने सरळ केलं आणि डॉटीचे आभार मानले.

एकतीसला संध्याकाळी सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा वाजला. पाइक्स फेरीत भोंगा झाला की पोरं घराबाहेर पडतात आणि आठला पुन्हा वाजला की घरी. मर्लने इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिडक्यांमागचे दिवे लावले, पंखा जागेवर ठेवला, ओसरीवरचा दिवा लावला. या गावात ओसरीवरचा दिवा म्हणजे "या" आणि अंधार म्हणजे "नका येऊ". शेवटी जिना अर्धा चढून वळणावरचा दिवाही लावला. तिथे रस्त्याच्या बाजूला एक टीचभर खिडकी आहे, जाळीच्या पडद्याने कायम झाकलेली. वर्षभर तो दिवा लागायचा नाही, पण त्या एका संध्याकाळी लव्हॉन न चुकता लावायची. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं. ती लावायची म्हणून त्यानेही लावला.

मग चॉकलेटचं भांडं घेऊन तो दाराच्या आत खुर्चीवर बसला.

सव्वासहा. रस्त्यावरून पोरांचे आवाज आले आणि पुढे गेले. डॉटीचं दार तीनदा वाजलेलं त्याला ऐकू आलं. साडेसहा. कोणीतरी पळत आलं, अंगणाशी थबकलं, एका बाईचा दबका आवाज आला, "इथे नाही, म्हटलं ना!" आणि पावलं परत फिरली. पावणेसात. भांड्यातल्या वड्या त्याने एकदा काढून पुन्हा नीट रचल्या. त्याला उत्तर मिळालं होतं. पोरं लव्हॉनसाठी यायची. तसं असणंच बरोबर होतं, तिच्यासाठी तोही घरी यायचा. पण वाईट वाटायचं ते वाटलंच. पंखा सुरू करून वटवाघळं हलवायला उठावंसं वाटेना.

सात वाजले तेव्हा त्याच्या न्हावी-डोक्यात दुसरा विचार आला. ती मेली डॉटी सगळ्यालाच छान म्हणत होती. काहीतरी वाकडं लागलं असणार. चेटकीण भोपळ्यात घुसली असेल, सगळ्याचं मिळून डांबराच्या ठिपक्यासारखं काहीतरी दिसत असेल, कोण येईल मग? ते निदान पाहायला तरी हवं. त्याने जाकीट चढवलं आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हॅलोवीनच्या संध्याकाळी पुढच्या दाराने बाहेर पडून रस्ता ओलांडला.

पलीकडच्या फुटपाथवर, मेपलच्या झाडाखालच्या अंधारात, आठ-नऊ पोरं उभी होती. दोन भुतं, एक समुद्री चाचा, पुठ्ठ्याची टपालपेटी झालेली एक मुलगी. मागे तिघी-चौघी आया. सगळी पोरं बोट वर करून ओठ हलवत होती.

मर्लला बघून सगळी थिजली.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

शेवटी टपालपेटीच्या फटीतून आवाज आला. "उंदीर मोजतोय."

"मग दार का नाही वाजवलं?"

"आई म्हणाली, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. लांबून मोजलं तर चालेल म्हणाली."

टपालपेटीची आई पुढे आली. ही पॉला. लहानपणी तिच्या कपाळावरच्या केसांची झालर मर्लनेच कापलेली. "मिस्टर क्रॅट्झर, माफ करा हं. आम्हाला वाटलं, यंदा तुम्हाला शांतता हवी असेल."

"शांतता?" मर्ल म्हणाला. "घरात तीच तर आहे सगळी."

पॉलाने मान खाली घातली. मर्लचं लक्ष तोवर खिडक्यांकडे गेलं. चेटकीण सरळ होती. मांजर सरळ होतं. आणि सगळं घर सोन्यासारखं उजळलेलं. हे असं दिसतं होय, असं त्याच्या मनात आलं. हे लव्हॉन दर वर्षी बघायची.

"बरं, किती झाले?" त्याने टपालपेटीला विचारलं.

"पंधरा."

"चुकलीस. चौदा."

"पंधरा!" टपालपेटी हट्टाने म्हणाली.

"अगं बाई, मी कापलेत! चौदा आहेत."

"तुम्ही कापले असतील, पण मोजले नाहीत ना तुम्ही! पंधरावा तो काय, वरती." पुठ्ठ्यातून एक हात बाहेर आला आणि जिन्यावरच्या टीचभर खिडकीकडे वळला. "बटाटा उंदीर. तो तर सगळ्यांत सोपा. दर वर्षी तिथेच असतो."

मर्लने वर पाहिलं. पिवळ्या उजेडात, जाळीचा पडदा आणि काच यांच्या मध्ये, एक काळा उंदीर होता. एक कान ताटाएवढा. दुसरा नाहीच. गाजरासारखं शेपूट.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकेचाळीस वर्षं तो त्या जिन्यावरून रोज दोनदा चढला आणि उतरला, पडद्यामागे कधी डोकावला नाही.

"कधीपासून आहे हा?" त्याने विचारलं.

"मी सहा वर्षांची होते तेव्हाही होता," पॉला म्हणाली. "माझ्या थोरल्या भावाच्या वेळीही होता. मिसेस क्रॅट्झर आकडा सांगणाऱ्या प्रत्येकाच्या कानात म्हणायच्या, हे मर्लला सांगायचं नाही. आम्ही सगळ्यांनी शब्द दिला होता."

"अख्ख्या गावाने?"

"अख्ख्या गावाने."

मर्ल खिशात हात घालून उभा राहिला. "मी तिला म्हणालो होतो, शेगडीत टाक," तो म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. पोरं त्याच्याकडे बघत होती. दोन बोटांनी डोकं थोपवणारा मर्ल क्रॅट्झर रडतो, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. टपालपेटी हळूच पुढे आली आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्याने त्याला टोचत त्याच्या शेजारी उभी राहिली.

"मग अख्खी वडी मिळणार का?" तिने विचारलं.

"टेसा!" पॉला ओरडली.

"बरोबर विचारतेय ती," मर्ल म्हणाला. त्याने बाहीने नाक पुसलं. "पण अशी रस्त्यात नाही मिळायची. नियम म्हणजे नियम. तुम्ही सगळी इथेच थांबा. मी आत जातो, दार लावतो. मग या आणि वाजवा. आणि जोरात वाजवा, डॉटीला ऐकू गेलं पाहिजे."

तो रस्ता ओलांडून आत गेला, दार लावलं, भांडं उचललं आणि दाराला पाठ टेकून उभा राहिला. पायऱ्यांवर पावलं वाजली, कुणीतरी कुणालातरी ढकललं, आणि मग नऊ जणांनी मिळून दार इतकं बडवलं की खिडकीतली वटवाघळं पंख्याशिवायच हलली.

मर्लने दार उघडलं. लव्हॉन विचारायची तसं विचारायला त्याने तोंड उघडलं, जरा अडखळला, आणि म्हणाला, "किती?"

"पंधरा!" सगळी ओरडली.

"बरोबर," मर्ल म्हणाला.